कोर्टाची पायरी आणि वेगाचा दंड

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी एक म्हण महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्यानें ती प्रथम उच्चारली असेल, त्याच्या डोळ्यांपुढें जमिनीचे आणि वांटण्यांचे दावे असावेत. तीन तीन पिढ्या चालणारे, घरें धुऊन नेणारे आणि भावाभावांत कायमचें वितुष्ट आणणारे. मोटारीच्या वेगाबद्दल होणारा दंड त्याच्या स्वप्नांतही नसेल. परंतु आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ही म्हण निघते, ती पुष्कळदां ह्या लहानशा दंडाच्याच प्रसंगीं.

अंधेरींतील एखादें घर घ्यावें. घरीं एक मोटार आहे. अंधेरीच्या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या गाड्यांवर असतात तीं एमएच ०२ हीं अक्षरें तिच्या पाटीवर आहेत. एके दिवशीं मोबाईलवर संदेश येतो कीं, अमुक तारखेस, पहांटे अमुक वाजतां, पश्चिम द्रुतगती महामार्गावर ही गाडी ठरलेल्या मर्यादेहून अधिक वेगानें जात होती. सबब इतका दंड भरावा. दिवसा ज्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानें सरकते, तेथें अतिवेगाचा दंड व्हावा ह्याचें प्रथम सर्वांस हसूं येतें. पण त्या पहांटे रस्ता मोकळा होता आणि पाहुण्यांस विमानतळावर पोंचवावयाचें होतें, हें सर्वांस आठवतें. मुलगा म्हणतो, वेग तेवढा नव्हता. सून म्हणते, दंड भरून मोकळें व्हावें. वडील वरील म्हण उच्चारतात. कोपऱ्यांत जपमाळ घेऊन बसलेली आजी मात्र दोनच प्रश्न विचारते: “वेग नव्हता, तर पैसे कां भरायचे? आणि होता, तर वाद कशाला घालायचा?”

प्रश्न साधे आहेत. पण त्यांच्या पाठीमागें सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. दुसऱ्याच्या वाहनाचा वेग किती होता हें कोणीं ठरवावें, कशावरून ठरवावें, आणि ज्यास तें मान्य नाहीं त्यानें कोठें दाद मागावी, ह्याविषयीं पुष्कळ वाद झाले आणि त्या वादांतूनच आजचा कायदा घडला. तो कसा घडला हें पाहिलें, म्हणजे अंधेरीच्या त्या घरानें काय करावें हेंही बरेंचसें उलगडतें.

वेगाला कायद्यानें लगाम घालण्याची कल्पना आजच्या मोटारीहून जुनी आहे. इंग्लंडांत वाफेवर चालणाऱ्या अवजड गाड्या रस्त्यांवर फिरूं लागल्या, तेव्हां १८६५ मध्यें तेथील पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, अशा गाडीनें गांवांत ताशीं २ मैलांहून व गांवाबाहेर ताशीं ४ मैलांहून अधिक वेगानें जाऊं नये. गाडीबरोबर निदान तीन माणसें असावींत आणि त्यांतील एकानें तांबडें निशाण घेऊन ६० यार्ड पुढें पायीं चालावें. घोडे बुजूं नयेत आणि वाटसरूंस आधीं सूचना मिळावी, हा त्यांतील हेतु होता. त्या काळीं तो हास्यास्पद नव्हता. निशाणाची अट पुढें शिथिल झाली, पण वेगाची मर्यादा तशीच राहिली. पेट्रोलवर चालणारी हलकी मोटार आली, तेव्हां तिलाही हाच नियम लागू झाला.

ह्याचा परिणाम जानेवारी १८९६ मध्यें दिसून आला. केंट परगण्यांतील पॅडॉक वुड ह्या गांवांतून वॉल्टर आर्नोल्ड नांवाचा गृहस्थ आपली मोटार ताशीं ८ मैलांच्या, म्हणजे सुमारें १३ किलोमीटरांच्या वेगानें हांकीत गेला. गांवांतील मर्यादा होती २ मैल. एका पोलीस शिपायानें सायकलवर बसून त्याचा सुमारें ५ मैल पाठलाग केला आणि त्यास गांठलें. मॅजिस्ट्रेटांनीं अतिवेगाबद्दल त्यास एक शिलिंग दंड केला आणि वर खटल्याचा खर्चही द्यावयास लाविला. इंग्लंडांत मोटारीच्या अतिवेगाबद्दल झालेला हा पहिला दंड मानला जातो. मोटार पळविण्याबद्दल झालेल्या ह्या पहिल्या दंडांतील अपराध्यास सायकलस्वारानें पकडावें, ह्यांतच त्या कायद्याचें वार्धक्य दिसून येतें. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा कायदा आला, मर्यादा ताशीं १४ मैल ठरली आणि सरकारी नियमांनीं ती १२ मैलांवर आणून ठेविली. नोव्हेंबर महिन्यांत मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढून ह्या सुटकेचा उत्सवही केला.

१९०३ च्या कायद्यानें ही मर्यादा ताशीं २० मैलांवर नेली, गाड्यांस नंबर दिले आणि हांकणाऱ्यांस परवाने घ्यावयास लाविलें. परंतु त्या कायद्यांतील सर्वांत टिकाऊ गोष्ट ह्या तिन्हींहून निराळी होती. वेगाच्या कलमांतच एक लहानसें वाक्य घालण्यांत आलें. त्याचा आशय असा कीं, वेगाविषयीं केवळ एका साक्षीदाराचें मत एवढ्याच आधारावर कोणासही २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरवितां येणार नाहीं.

ह्या वाक्याचें महत्त्व समजण्यास थोडा विचार करावा लागतो. चोरीच्या खटल्यांत साक्षीदार सांगतो, ती गोष्ट त्यानें पाहिलेली असते. अमुक माणसानें अमुक वस्तु उचलली. वेग मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. दिसते ती गाडी. तिचा वेग हा पाहणाऱ्यानें मनाशीं बांधलेला अंदाज असतो. गाडीचा आवाज मोठा असेल, रस्ता अरुंद असेल, पाहणारा अगदीं कडेला उभा असेल, तर तीच गाडी अधिक वेगवान् भासते. रेल्वेच्या फलाटाच्या अगदीं कडेवर उभ्या असलेल्या माणसास गाडीचा जो वेग वाटतो, तो दूर पुलावरून पाहणाऱ्यास वाटत नाहीं, हा अनुभव अंधेरीच्या प्रत्येक उतारूस आहे. म्हणून एकाच माणसाच्या अंदाजावर दुसऱ्यास अपराधी ठरवूं नये, हें तत्त्व न्यायाचें तर होतेंच, पण शास्त्राचेंही होतें.

मग पोलिसांस अंदाजाऐवजीं मोजमाप करणें भाग पडलें. रस्त्याचें ठराविक अंतर आंखून घ्यावें, दोन्ही टोकांस शिपायांनीं झाडाझुडपांच्या आड उभें राहावें, आणि गाडी एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्यास लागलेला वेळ स्टॉप-वॉचवर मोजावा, अशी पद्धत निघाली. मोटारवाल्यांनीं ह्यास सापळा म्हटलें. अशा सापळ्यांची सूचना सभासदांस आगाऊ मिळावी, म्हणून १९०५ मध्यें ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था निघाली आणि तिचीं माणसें सायकलींवरून रस्त्यांत पहारा करूं लागलीं. १९१० मध्यें तेथील उच्च न्यायासनानें असा निर्णय दिला कीं, वेगानें जाणाऱ्यास अशी सूचना देऊन पोलिसांच्या हातीं पुरावा लागूं न देणें हा पोलिसांच्या कामांतील अडथळा होय. त्यावर संस्थेनें मोठी चतुर युक्ति काढिली. तिचा पहारेकरी सभासदाच्या गाडीस नेहमीं सलाम करी. ज्या दिवशीं तो सलाम करणार नाहीं, त्या दिवशीं सभासदानें थांबून त्याचें कारण विचारावें, असा नियम झाला. सलाम न करणें हा कांहीं अपराध ठरत नव्हता!

ह्या झगड्याचा शेवट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९३० मध्यें इंग्लंडनें मोटारींवरील वेगाची मर्यादाच काढून टाकिली. मोटारवाल्यांचा विजय झाला. पण १९३४ ह्या एका वर्षांत तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं, आणि मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा पुन्हां घालावी लागली. सापळ्यांविरुद्ध भांडणारे सारेच खोटे नव्हते. तशी ती मर्यादाही खोटी नव्हती. मर्यादा असावी, परंतु ती ओलांडल्याचा पुरावा सचोटीचा असावा, ह्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहींत, हा धडा इंग्लंडास एवढी किंमत देऊन शिकावा लागला.

आतां हा इतिहास समुद्र ओलांडून मुंबईस कसा आला, तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसूं लागली. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू असा पहिला मोटार कायदा १९१४ मध्यें झाला. बेदरकारपणें अथवा लोकांस धोका होईल अशा वेगानें गाडी हांकणें हा त्यानें अपराध ठरविला आणि नियम करण्याचे पुष्कळसे अधिकार प्रांतिक सरकारांकडे सोंपविले.

त्या काळीं अंधेरी मुंबई शहरांत नव्हती. साष्टी बेटांतील, भातशेतीनें आणि ताडामाडांनीं वेढलेलें असें तें गांव. १९२० मध्यें ठाणें जिल्ह्यांतून वेगळा काढलेला मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला आणि अंधेरी त्यांत आली. मुंबई शहरास पोलीस कायदा निराळा होता, तो १९०२ चा. आणि जिल्ह्यांस निराळा, तो १८९० चा. शहरांत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट न्याय देत, जिल्ह्यांत जिल्ह्याचे. म्हणून कोटांतून निघालेली एखादी मोटार १८४५ मध्यें बांधून झालेल्या माहीमच्या कॉजवेवरून पलीकडे वांद्र्यास उतरली आणि घोडबंदर रस्त्यानें अंधेरीकडे निघाली, कीं खाडीबरोबर तिनें एक न्यायव्यवस्थाही ओलांडलेली असे. तोच घोडबंदर रस्ता आतां स्वामी विवेकानंद मार्ग ह्या नांवानें ओळखला जातो.

हा भेद हळूहळू मावळला. १९४५ मध्यें बृहन्मुंबईच्या हद्दीचा कायदा झाला. १९५० मध्यें अंधेरीपर्यंतचीं पश्चिम उपनगरें मुंबई महापालिकेच्या क्षेत्रांत आलीं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानें दोन्ही जुने पोलीस कायदे रद्द करून सर्वांस एक कायदा दिला. १९७४ पासून प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटांची जागा महानगर दंडाधिकाऱ्यांनीं घेतली आणि जुलै २०२४ मध्यें नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आल्यावर कायद्यांतून तेंही नांव गेलें. नांवें बदललीं; पायरी तीच राहिली. आज अंधेरीस स्वतःचें दंडाधिकारी न्यायालय आहे आणि तेथें जाण्यास खाडी ओलांडावी लागत नाहीं.

ह्या सर्व बदलांतून १९०३ चें तें लहानसें वाक्य मात्र सुरक्षित राहिलें. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तें आलें. १९८८ चा कायदा झाला, तो १ जुलै १९८९ रोजीं अमलांत आला, आणि त्याच्या १८३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमांत तें पुन्हां बसलें. गाडीचा वेग बेकायदेशीर होता असें एका साक्षीदाराचें मत, एवढ्याच पुराव्यावर कोणास दोषी ठरवितां येत नाहीं. तें मत एखाद्या यंत्राच्या साहाय्यानें घेतलेल्या मोजमापावर आधारलेलें आहे असें दाखवावें लागतें. इंग्रजी राज्य गेलें, नवी राज्यघटना आली, दोन पिढ्यांचे कायदे मोडीत निघाले. पण एका माणसाचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हें तत्त्व कोणासही टाकून द्यावेंसें वाटलें नाहीं.

त्याच कलमांत आणखी एक शहाणपण सांठविलेलें आहे व त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. एखाद्यानें वेळापत्रक प्रसिद्ध केलें, किंवा अमुक वेळेंत अमुक प्रवास संपवावा असा हुकूम दिला, आणि वेगाची मर्यादा मोडल्यावांचून तो प्रवास त्या वेळेंत होणें शक्य नाहीं असें न्यायालयास वाटलें, तर तें वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच तो काढणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनीं पुरावा होतो. म्हणजे सुकाणूवर हात ठेवणारा तेवढाच अपराधी, आणि त्यास घाई करण्यास लावणारा मात्र निर्दोष, असें कायदा मानीत नाहीं. थोड्या मिनिटांत वस्तु घरपोंच करण्याचीं आश्वासनें जेथें दिलीं जातात आणि अंधेरीच्या गल्लीगल्लींतून तरुण मुलें पाठीवर पेट्या घेऊन दुचाक्या पळवितात, तेथें ह्या कलमाचा रोख विचार करण्याजोगा आहे. पावती त्या मुलाच्या नांवें फाडली जाते. घाई मात्र त्याची नसते.

एका माणसाचें मत पुरेसें नाहीं, यंत्र हवें, असें ठरलें. मग साहजिकच पुढचा प्रश्न असा आला कीं, यंत्र तरी कधीं चुकत नाहीं काय? दुसऱ्या महायुद्धांत विमानें हुडकण्यासाठीं वाढीस लागलेलें रडार युद्धानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील पोलिसांच्या हातीं आलें. त्यांतून निघालेल्या लहरी गाडीवर आपटून परत येतात, आणि गाडीच्या वेगाप्रमाणें त्यांची कंपनसंख्या बदलते. डॉप्लर ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें हें तत्त्व १८४२ मध्यें मांडलें होतें. तत्त्व निर्दोष होतें. पण हातांतलें यंत्र म्हणजे तत्त्व नव्हे. १९७९ मध्यें अमेरिकेंतील मायामी शहरीं वेगाच्या सुमारें ऐंशीं दंडांस एकाच वेळीं आव्हान देण्यांत आलें. त्या सुमारास दूरचित्रवाणीवरील एका प्रयोगांत पोलिसांच्या रडारनें एका ताडाच्या झाडाचा वेग ताशीं ८६ मैल, आणि एका घराचा वेग ताशीं २८ मैल दाखविला होता. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून न्यायाधीशानें तो पुरावा त्या स्वरूपांत ग्राह्य धरण्यास नकार दिला. ह्यानंतर यंत्रांची परीक्षा कशी व्हावी आणि तीं वापरणाऱ्यांस शिक्षण कसें द्यावें, ह्याकडे तेथें अधिक लक्ष दिलें जाऊं लागलें. त्या ऐंशीं माणसांनीं दंड भरून विषय संपविला असता, तर तो ताड आणखी किती वर्षें धांवत राहिला असता, कोण जाणे.

वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कथाही अशीच गमतीची आहे. मॉरिस गॅटसोनिडीस हा हॉलंडमधील मोटार-शर्यतपटु. १९५३ ची मॉन्टे कार्लोची शर्यत त्यानें जिंकली. वळणांवर आपला वेग कोठें कमी पडतो हें कळावें, म्हणून त्यानें मोजमापाचें साधन बनविलें आणि १९५८ मध्यें त्याचा कारखाना काढला. जें साधन अधिक वेगानें जाण्यासाठीं जन्मास आलें, तेंच पुढें जगभर वेगवानांचा काळ झालें.

मुंबईंत ऑक्टोबर २०१६ मध्यें वाहतूक पोलिसांनीं ई-चलानाची पद्धत सुरू केली. रस्त्यावर शिपायानें गाडी अडवावी, हुज्जत व्हावी आणि पावती फाटावी, हा जुना देखावा कमी झाला. कॅमेरा पाहतो आणि संदेश घरीं येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें यांत्रिक साधनाबरोबर इलेक्ट्रॉनिक साधन हे शब्द १८३ व्या कलमांत घातले, हलक्या वाहनासाठीं दंड १,००० ते २,००० रुपये केला, आणि दुसऱ्या वेळच्या अपराधास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद केली. ह्या दुरुस्तीपूर्वीं १९८८ च्या कायद्यांत पहिल्या अपराधास दंड ४०० रुपयांपर्यंतच होता. म्हणजे प्रकरण अगदींच क्षुल्लक राहिलेलें नाहीं.

परंतु ज्या सरकारानें यंत्रास एवढा अधिकार दिला, त्यानेंच ऑगस्ट २०२१ मध्यें यंत्रासाठींही नियम केले. साधनास मान्यतेचें प्रमाणपत्र असावें आणि त्याचें दरवर्षीं नूतनीकरण व्हावें. जेथें अशी देखरेख आहे तेथें आधीं ठळक सूचनाफलक असावा. अपराधाची नोटीस १५ दिवसांच्या आंत पाठवावी. चलानाबरोबर गाडीचें व नंबरपाटीचें स्पष्ट छायाचित्र, यंत्रानें मोजलेला वेग, दिनांक, वेळ, स्थळ आणि पुराव्याच्या कायद्याप्रमाणें लागणारें प्रमाणपत्र असावें, असें त्यांत सांगितलें. मुख्य कायद्यांतही असें आहे कीं, सरकारनें एखाद्या रस्त्यासाठीं निराळी मर्यादा ठरविली, तर तेथें तशा खुणेचे फलक लावावेत. १९०३ मध्यें माणसाच्या मतास जो लगाम घातला, तोच २०२१ मध्यें यंत्राच्या मतास घातला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां अंधेरीच्या त्या घराकडे परत यावें. त्या कुटुंबापुढें मार्ग तीन आहेत. पहिला, दंड भरण्याचा. कायद्याच्या २०० व्या कलमाप्रमाणें तडजोडीची रक्कम भरली कीं त्या अपराधाबद्दल पुढें कांहीं कारवाई होत नाहीं. दुसरा मार्ग लोकअदालतीचा. १९८७ च्या कायद्यानें स्थापिलेल्या ह्या व्यवस्थेपुढें महाराष्ट्रांत ई-चलानाचीं प्रकरणेंही ठेवण्यांत आलेलीं आहेत. तेथें तडजोड होते, आणि तीवर अपील नसतें. पण तेथें सत्य काय तें ठरत नाहीं. भांडण तेवढें मिटतें. तिसरा मार्ग दंडाधिकाऱ्यासमोर जाऊन, अपराध मान्य नाहीं, पुरावा दाखवावा, असें म्हणण्याचा. समन्स आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहतां येतें; आणि अपराध मान्यच असेल, तर २०८ व्या कलमाप्रमाणें तसें नोंदणीकृत पत्रानें कळवून ठरलेली रक्कम पाठवितां येते. अपराध नाकबूल केला, कीं तो सिद्ध करण्याचा भार सरकारावर पडतो. आपण निर्दोष आहों हें गाडीवाल्यानें सिद्ध करावयाचें नसतें.

वडिलांची म्हण येथें आपलें बळ दाखविते. तिसरा मार्ग महाग आहे. एका तारखेस काम होईलच असें नाहीं. पुढची तारीख पडते. नोकरीवरचा एक दिवस जातो, कदाचित् दोन. वकील दिला तर त्याची फी दंडाहून मोठी होण्याचा संभव असतो. वॉल्टर आर्नोल्डलाही शिलिंगाच्या दंडावर खटल्याचा खर्च भरावा लागलाच होता. रुपये आणि दिवस ह्यांचाच हिशेब मांडला, तर दंड भरणें केव्हांही स्वस्त पडतें. सुनेचें म्हणणें व्यवहाराला धरून आहे, ह्यांत शंका नाहीं.

परंतु ह्या हिशेबांत एक रक्कम मांडावयाची राहून जाते. जो कायदा पुरावा मागण्याचा हक्क देतो, तो हक्क कोणी वापरलाच नाहीं, तर फलक न लावलेला रस्ता तसाच राहतो, ज्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली तें यंत्र तसेंच चालूं राहतें, आणि दुसऱ्याच्या गाडीची पाटी वाचून तिसऱ्यास चलान पाठविणारी चूकही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चूक दाखविणारा एक असला, तरी तिचा लाभ पुढच्या शेंकडों लोकांस होतो. पायरी न चढणारा शहाणा आपले दोन दिवस वांचवितो. पण त्याच्या त्या शहाणपणाचें भाडें इतर लोक भरीत असतात.

दुसऱ्या बाजूसही एक मोठी रक्कम आहे, आणि ती रुपयांत मोजतां येत नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ मध्यें भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील ७१.२ टक्के मृत्यूंचें कारण अतिवेग म्हणून नोंदलेलें आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. ८० वेगाची सुमारें २२ मीटर. रस्त्यांत मूल आलें हें डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढें अंतर सहज जातें. त्यापुढें गाडी थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें; म्हणजे ६० ऐवजीं ८० चा वेग असला, तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक होतो, पण हें अंतर जवळजवळ पावणेदोनपट होतें. “रस्ता मोकळा होता” हें समर्थन ह्या गणितापुढें टिकत नाहीं. रस्ता मोकळा आहे असें वाटतें तेव्हांच तो अकस्मात् मोकळा नसतो. म्हणून ज्यानें खरोखर मर्यादा मोडली आहे, त्यानें केवळ छायाचित्र अंधुक आहे किंवा नोटीस सोळाव्या दिवशीं आली एवढ्यावर सुटूं पाहणें हें कायद्याच्या अक्षरांत बसेल. त्याच्या हेतूंत बसणार नाहीं.

तेव्हां पहिला खटला न्यायालयांत नव्हे, तर घरांतच चालला पाहिजे, आणि तेथें साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे त्या पहांटे सुकाणूवर बसलेला माणूस. कायदा एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा करीत नाहीं. पण ह्या एका साक्षीदाराचें मत मात्र प्रथम घेतलें पाहिजे. मुलानें चलानावरील छायाचित्र काढून पाहावें. गाडी आपलीच आहे ना, स्थळ व वेळ जुळते ना, त्या वेळीं गाडी कोण चालवीत होतें, यंत्रानें वेग किती टिपला आहे, आणि त्या जागीं मर्यादेचा फलक होता कीं नव्हता, हें शांतपणें ताडून पाहावें. मग स्वतःस विचारावें कीं, वेग तेवढा नव्हता असें आपण म्हणतों, तें आठवतें म्हणून, कीं दंड द्यावासा वाटत नाहीं म्हणून? उत्तर दुसरें असेल, तर त्याच दिवशीं दंड भरून टाकावा, आणि पुन्हां तो रस्ता मोकळा दिसला तर पाय जरा उचलावा. उत्तर पहिलें असेल, तर दोन दिवस खर्चीं घालून दंडाधिकाऱ्यासमोर उभें राहावें आणि नम्रपणें पुरावा मागावा. तेथें हार झाली, तरी कांहीं मानहानि नाहीं. मोजमाप न्यायासनासमोर तपासलें गेलें, एवढेंही कांहीं थोडें नाहीं.

जुनी म्हण म्हणून खोटी ठरत नाहीं. तिला फक्त थोडी मर्यादा घालावी लागते, जशी वेगाला घालावी लागते. आपलें चुकलें असतांना शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. पण चुकलें नसतांना, केवळ चढण्याचे श्रम वांचावेत म्हणून, अपराध कबूल करणें ह्यास शहाणपण म्हणतां येणार नाहीं. अंधेरीच्या त्या घरांत आजीनें विचारलेल्या दोन प्रश्नांत हा सारा न्याय आलेला आहे. त्यांचें उत्तर मुलानें आपल्या मनाशीं द्यावयाचें आहे.